यंत्राचं वाक्य, पण म्हणणं कुणाचं?

'राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले.' पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात हे वाक्य मोबाईलवर येऊन पडतं तेव्हा ते नुसतं वाचून कुणी बाजूला ठेवत नाही. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीतला माणूस म्हशी कुठं हलवायच्या त्याच्या मागे लागतो. शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात अर्धवट रंगवलेल्या गणेशमूर्ती माडीवर चढायला लागतात. गगनबावड्याला जाणारा एसटी आज सुटेल की नाही याची चौकशी करतो, आणि पोराला पुण्याला सोडायला निघालेले आईबाप शिरोलीजवळ हायवेवर पाणी येणार का, हे ज्याला त्याला विचारत सुटतात. वाक्यात म्हशी नाहीत, मूर्ती नाहीत, हायवेही नाही. दरवाजे उघडले, एवढंच आहे.

संस्कृत काव्यशास्त्रात याच जातीचं एक उदाहरण आहे: 'गतोऽस्तमर्कः', म्हणजे सूर्य मावळला. मम्मटाने त्यातून निघणाऱ्या सूचित अर्थांची लांबलचक यादीच दिली आहे. गुरं आत घ्या, दुकानाचा माल आवरा, संध्येला बसा, काम थांबवा, लांब जाऊ नका. कुणी कुणाला आणि कुठल्या वेळी म्हटलं, त्यावर यातलं काय घ्यायचं ते ठरतं. चिखलीच्या शेतकऱ्याने मम्मट वाचलेला नसतो. त्याची गरजही नसते.

आता त्या दरवाजाकडे बघा. त्याला वीज लागत नाही, कळ दाबायला माणूस लागत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच जोराने तो उचलला जातो आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत उतरतं. 'पातळी अमुक झाली तर उघड' हे जर-तरचं वाक्य तिथे लोखंडात बसवलेलं आहे. दरवाजाला काही समजतं का, असा प्रश्न आजवर कुणी केलेला नाही, कारण दरवाजा बोलत नाही.

चॅटजीपीटीसारखी बोलणारी यंत्रं आली आणि हा प्रश्न नाक्यानाक्यावर आला. कोल्हापुरात त्यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, पाठांतर केलेला पोपट आहे, त्याच्या काय नादाला लागता. दुसरा म्हणतो, त्याला सगळं कळतं, नाद खुळा मशीन आहे. बारावीच्या कला शाखेला वर्षानुवर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून मला दोघांचंही पटत नाही, पण त्यांच्यात मध्यस्थी करायचीही हौस नाही. यंत्राला खरंच कळतं का, हा वाद तत्त्वज्ञानाच्या वर्गात सुखाने चालू द्यावा. कचेरीची नोटीस, पुराचा इशारा, कोर्टातला दस्त, भरपाईचा नकार, या ठिकाणी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: हे म्हणणं कुणाचं? ज्याच्यामागे म्हणणारा माणूस उभा नाही असं वाक्य सरकारी कागदावर येता कामा नये, असं माझं मत आहे. हे मत यंत्राच्या द्वेषातून आलेलं नाही. तर्क आणि अर्थ यांचं नातं जसं आहे त्यातून ते निघतं, म्हणून आधी त्या नात्याकडे जायला हवं.

तर्कवाल्यांची बाजू हल्ली उगीच हसण्यावारी नेली जाते. ती मुळात फार मोठी आकांक्षा होती. सतराव्या शतकात लायब्निझने स्वप्न पाहिलं की विचारांची अशी एक लिपी करू, ज्यात दोन माणसांचं भांडण झालं तर ते पाटी-पेन्सिल घेऊन बसतील आणि म्हणतील, 'चला, हिशेब करू.' १८५४ मध्ये जॉर्ज बूलने 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं बीजगणित करून दाखवलं. १८७९ मध्ये फ्रेगेने 'सर्व' आणि 'काही' यांना चिन्हांत बसवलं. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथला जी बैठक भरली आणि जिच्यामुळे 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव रूढ झालं, तिच्यामागे हीच परंपरा होती. नेवेल, सायमन आणि शॉ यांच्या 'लॉजिक थिअरिस्ट' या प्रोग्रॅमने रसेल-व्हाइटहेड यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या तर्क-गणिताच्या ग्रंथातल्या दुसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या ५२ पैकी ३८ प्रमेयं सिद्ध केली. विचार म्हणजे नियमांनी केलेली चिन्हांची हालचाल, असं त्या पिढीला वाटलं तर त्यात नवल नाही.

आणि या हत्याराला खरोखर धार आहे. एखाद्या अर्जाच्या तळाशी लिहिलेलं असतं: 'रेशनकार्ड किंवा वीजबिल आणि आधारकार्डाची झेरॉक्स जोडावी.' म्हातारी रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन खिडकीशी येते. खिडकीतला म्हणतो, आधार कुठाय? ती म्हणते, रेशनकार्ड 'किंवा' लिहिलंय की. दोघंही बरोबर आहेत. कंस कुठे घालायचा तेवढं त्या वाक्यात सांगितलेलं नाही. रेशनकार्ड-किंवा-वीजबिल हे एक टोपलं करून त्यात आधार मिळवायचा, की वीजबिल-आणि-आधार ही जोडी रेशनकार्डाला पर्याय ठेवायची? बूलच्या चिन्हांत लिहिलं असतं तर म्हातारीचा हेलपाटा वाचला असता. तसंच हे वाक्य घ्या: 'सगळ्या पूरग्रस्तांना मदत मिळाली नाही.' काहींना मिळाली, काही राहिले, असा अर्थ होतो आणि एकालाही मिळाली नाही, असाही होतो. बोलताना 'सगळ्या'वर जोर दिला की पहिला अर्थ ठरतो. छापल्यावर तो जोर जातो आणि विधानसभेतला प्रश्न, त्यावरचं उत्तर आणि दुसऱ्या दिवसाची बातमी, तिघंही आपापल्या सोयीचा अर्थ घेऊन मोकळे होतात. 'नाही'चा पल्ला कुठपर्यंत, हे फ्रेगेच्या चिन्हांत एका नजरेत दिसतं.

मग घोडं अडलं कुठे? अपवादात. आपल्याकडच्या न्यायदर्शनाचं, म्हणजे जुन्या तर्कपरंपरेचं, घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे विस्तव आहे, जसं स्वयंपाकघरात. उलटं मात्र चालत नाही. विस्तव आहे म्हणून धूर असेलच असं नाही; लालभडक तापलेल्या लोखंडी गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धुराला विस्तवाखेरीज ओलं सरपण लागतं. या आड दडलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात, आणि अनुमानाचं निम्मं शास्त्र ती उपाधी हुडकण्यातच खर्ची पडलं आहे.

करवीर तालुक्यात ऊसतोडीच्या दिवसांत उभं राहिलं की हे पुस्तकी राहत नाही. शिवारात धूर दिसतो. एका जागी, सरळ वर जाणारा, तासन् तास तसाच असेल तर ते गुऱ्हाळ; चुलवाणात चिपाड जळतंय, काहिलीत रस उकळतोय. जमिनीलगत पसरत, जागा बदलत जाणारा असेल तर कुणीतरी पाचट पेटवलंय. आणि अवेळी, काळा, एकदम उठलेला असेल तर फड पेटलाय, पळा. तिन्हीकडे विस्तव आहे हे अनुमान बिनचूक आहे. पण कुणालाही हवा असलेला निष्कर्ष तो नसतोच. हव्या असलेल्या निष्कर्षापर्यंत जायला महिना कुठला, वारा कुठला, शेजाऱ्याचा फड तुटलाय का, त्याचं भावकीशी काही बिनसलंय का, एवढं सगळं लागतं. हे सगळं नियमांत लिहून यंत्राला द्यायचा प्रयत्न झाला. १९८२ मध्ये जपानने तर्कावर चालणाऱ्या संगणकांसाठी दहा वर्षांचा राष्ट्रीय प्रकल्प काढला. १९८४ मध्ये डग्लस लेनटने अमेरिकेत रोजच्या शहाणपणाची एकेक गोष्ट टाइप करून यंत्रात भरायला घेतली. एका नियमाला दहा अपवाद निघाले, त्या अपवादांना आणखी अपवाद, आणि जपानचा प्रकल्प मूळ आशा पुऱ्या न करताच संपला.

यश आलं ते भलत्याच वाटेने. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये म्हटलं होतं की शब्द ओळखावा तो त्याच्या संगतीवरून. २०१३ च्या सुमारास हे संगणकावर मोठ्या प्रमाणात करून दाखवलं गेलं: प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक रांग द्यायची, आणि जे शब्द सारख्या संगतीत वावरतात त्यांच्या रांगा जवळ येऊ द्यायच्या. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर नावाची रचना आली. तिच्यात वाक्यातला प्रत्येक शब्द बाकीच्या शब्दांकडे किती लक्ष द्यायचं ते मोजतो. आजची बोलकी यंत्रं या पायावर उभी आहेत. त्यांना व्याकरण कुणी शिकवलेलं नाही, तर्काचे नियमही नाहीत. पुढे कुठला तुकडा येण्याचा संभव जास्त, एवढंच अफाट मजकुरावरून शिकता शिकता दोन्ही बऱ्यापैकी अंगात मुरलं.

पाचव्या शतकाच्या सुमारास भर्तृहरी या वैयाकरणाने 'वाक्यपदीया'त प्रश्न टाकला होता की एका शब्दाचे अनेक अर्थ असताना नेमका कुठला, हे ऐकणाऱ्याला कशावरून ठरतं. त्याने दिलेल्या यादीत संसर्ग आहे, वियोग आहे, साहचर्य आहे, विरोध आहे, प्रकरण आहे, शेजारच्या शब्दाचं सान्निध्य आहे, औचित्य आहे, आणि देश आणि काल आहेत. (यावरून भर्तृहरीने एआयचा शोध लावला असं कुणी फॉरवर्ड करू नये. संस्कृत ही संगणकाला सर्वांत योग्य भाषा असल्याचं नासाने म्हटलंय, ही गोष्टही अशीच फुगली. तिच्या मुळाशी १९८५ चा रिक ब्रिग्ज यांचा एका नियतकालिकातला लेख आहे. वैयाकरणांची वाक्य उलगडण्याची पद्धत आणि संगणकात ज्ञान मांडण्याची त्या वेळची एक पद्धत यांच्यातलं साम्य त्यात दाखवलं आहे. नासाचा ठराव वगैरे काही नाही.) भर्तृहरीची यादी मला उपयोगाची वाटते ती यंत्राचं मोजमाप घ्यायला. साहचर्य, विरोध, शेजारचे शब्द, यांत यंत्र माणसाच्या तोडीस तोड आहे, कधी सरसही. प्रकरणही तुम्ही लिहून दिलंत तर ते धरतं. देश, काल आणि औचित्य इथे ते उधारीवर असतं. कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असलं तरच.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीतलं 'आमचं ठरलंय' आठवा. काँग्रेसचे सतेज पाटील यांच्या गटाने आघाडीतल्याच राष्ट्रवादीच्या उमेदवाराविरुद्ध हे दोन शब्द जिल्हाभर नेले. काय ठरलंय, कुणाच्या बाजूने, कुणाच्या विरोधात, यातलं काही त्यात नाही. तर्काच्या दृष्टीने ते वाक्य जवळजवळ रिकामं आहे. पण आघाडीचा उमेदवार कोण आणि ठरलंय ते कुणाचं, हे इथल्या शेंबड्या पोराला कळत होतं. आज यंत्राला विचारा, ते व्यवस्थित सांगेल, कारण मधल्या काळात वर्तमानपत्रांनी त्याचा कीस पाडला आहे. ज्या दिवशी ते वाक्य नवं होतं त्या दिवशी अर्थ शब्दांत नव्हताच. कोण म्हणतोय आणि आघाडीत असून म्हणतोय, यात तो होता.

'मग तर्क आणि हे संभाव्यतेचं यंत्र एकत्र आणा की,' असं संगणकवाले म्हणतील. आणलंय, आणि उत्तम चालतंय. जुलै २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री २ यांनी मिळून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या सहापैकी चार प्रश्न सोडवले. ४२ पैकी २८ गुण, म्हणजे रौप्यपदकाची पातळी. अल्फाप्रूफमध्ये भाषेचं यंत्र पायऱ्या सुचवतं आणि लीन नावाची तर्कप्रणाली प्रत्येक पायरी तपासते. चुकीची पायरी पुढे जातच नाही. या बातमीतली एक बारीक गोष्ट मात्र फारशी कुणी उचलली नाही. ऑलिंपियाडचे प्रश्न आधी माणसांनी त्या औपचारिक भाषेत उतरवून दिले होते. तर्काची हमी सुरू होते ती त्यानंतर. गणिताच्या प्रश्नाचं असं रूपांतर करता येतं कारण तो त्यासाठीच घडवलेला असतो. म्हातारीच्या अर्जातला कंस कुठे घालायचा हे कुठलीच तर्कप्रणाली सांगू शकत नाही. तो ठरवावा लागतो, आणि ठरवणाऱ्याला अधिकार असावा लागतो.

इथे न्यायदर्शनाकडे परत जावं लागतं. ज्ञानाची साधनं नैयायिकांनी चार मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपल्याला जे माहीत असतं त्यातलं बहुतेक चौथ्यातून येतं. आपली जन्मतारीखसुद्धा आपण ऐकूनच मानतो. पण कुठलाही शब्द प्रमाण नाही. 'आप्तोपदेशः शब्दः', आप्ताचं सांगणं तेवढं प्रमाण. आप्त कोण, तर न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन सांगतो: ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगावी या इच्छेने जो बोलतो, तो. आणि लगेच पुढे म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. जात-कुळाचा प्रश्न नाही.

मग यंत्रालाही ते लावून बघायला काय हरकत आहे? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली होती. पुराच्या रात्री 'पाणी अमुक फुटांवर आहे' हा निरोप येतो तेव्हा त्याच्या टोकाला, कितीही दूर का असेना, मोजपट्टी बघितलेलं कुणीतरी असतं, आणि पाहिलं तेच सांगणं हे त्याचं काम असतं. यंत्राने लिहिलेल्या वाक्यात आकडा तसाच असेल, भाषा जास्त सफाईदार असेल. पण मोजपट्टी त्याने पाहिलेली नाही. आणि पाहिलं तसं सांगावं ही इच्छा त्याला कुठून असणार? सगळ्यात सहज पुढे येईल आणि वाचणाऱ्याला पटेल असं वाक्य लिहिण्याचं वळण त्याला लावलेलं आहे. दहातल्या नऊ वेळा ते खरंही निघतं, तेच जास्त अडचणीचं. बंधाऱ्यावरचा आकडा थेट यंत्रात जोडला तर? चांगलंच आहे. पण मग आप्त ठरतो तो जोडणी करणारा आणि ती नीट चालते का हे बघणारा. वेळापत्रकावर आपण विश्वास ठेवतो तो कागदावर नसतो, ते लावणाऱ्यावर असतो.

याउलट वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांचा पक्ष होता, आणि मला तो आज फार ओळखीचा वाटतो. ते म्हणत, वाक्यात दोष शिरतो तो बोलणाऱ्यामुळे. माणूस चुकतो, विसरतो, फसवतो. वेद अपौरुषेय, त्यांना कर्ताच नाही, म्हणून दोषालाही जागा नाही. नैयायिकांनी हे मान्य केलं नाही. बोलणाऱ्याच्या गुणाखेरीज वाक्याला प्रामाण्य येतं कुठून, असं त्यांनी विचारलं. आज 'मी काय करू, कॉम्प्युटरच असं दाखवतोय' असं सांगून फाईल परत करणारा अधिकारी आपल्या नकळत मीमांसक झालेला असतो. यंत्राला ना जात, ना पक्ष, ना पाहुणेरावळे. म्हणजे ते निःपक्ष असणारच, हा युक्तिवाद तोच आहे. ज्या मजकुरावर ते यंत्र वाढलं त्यात जात, पक्ष आणि पाहुणे ठासून भरलेले होते, हे सोयीने विसरलं जातं.

अपौरुषेय वाक्याचं पुढे काय होतं हे कोल्हापूरला वेगळं सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे वेदोक्त प्रकरण पेटलं. छत्रपतींना वेदोक्त मंत्रांचा अधिकार आहे की नाही, हे वेद स्वतः येऊन सांगणार नव्हते. सांगत होते ते मधले लोक, आणि बोट दाखवत होते वेदाकडे. त्यांच्याशी वाद घालावा तर ते म्हणणार, हे आमचं म्हणणंच नव्हे. शाहू महाराजांनी त्यानंतर काही वर्षांतच काय केलं ते या दृष्टीने वाचण्यासारखं आहे. २६ जुलै १९०२ चा करवीर सरकारचा हुकूम: रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. मागासलेले म्हणजे कोण, तर ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

त्यातलं 'आणि इतर पुढारलेले वर्ग' तर्कशास्त्राच्या परीक्षेत टिकणार नाही. ज्याची व्याख्या करायची त्याचंच उलट रूप व्याख्येत घातलंय, आणि यादीचं शेपूट मोकळं सोडलंय. विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर मी अर्धा गुण कापला असता. पण राज्यकारभाराचं वाक्य म्हणून ते पक्कं आहे, कारण शेपटात कोण येतं हा प्रश्न उठला तर तो कुणाला विचारायचा, हे राज्यात सगळ्यांना ठाऊक होतं. महाराज त्या वेळी विलायतेत होते, तरीही हुकूम कुणाचा याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. त्याबद्दलच्या शिव्याही त्यांनीच खाल्ल्या. नियम कितीही घट्ट विणला तरी त्यात अशी एखादी उसवलेली जागा राहतेच. ती भरायला माणूस लागतो, आणि भरल्यावर 'मी भरली' म्हणायलाही तोच लागतो.

हा प्रश्न आता दाराशी आला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्याकडे आहेत. खालच्या कोर्टातल्या फिर्यादी, जबाब, पंचनामे मराठीत आणि उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत, म्हणजे मध्ये भाषांतराचा डोंगर. तो उपसायला यंत्र हाताशी धरण्याचा मोह होणारच, आणि त्यात वावगं काही नाही. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' हे सॉफ्टवेअर वापरतं आहे.

पण एक जबाब घ्या. पेठेतल्या तालमीत दोघांची बाचाबाची झाली, आणि एक म्हणाला, 'तुला बघून घेतो.' यंत्र याचं इंग्रजी आज अचूक करेल, धमकी म्हणूनच करेल. वाक्प्रचार त्याला पुरता अवगत आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमाला मात्र धमकीमागचा उद्देश लागतो, समोरच्याला भीती घालायचा. एका ताटात जेवणारे दोन पैलवान आखाड्यात एकमेकांना दिवसातून चार वेळा हे म्हणतात, आणि वाटणीवरून वैर असलेला चुलतभाऊ आयुष्यात एकदाच म्हणतो. कागदावर दोन्ही वाक्यं हुबेहूब एक. माणूस भाषांतर करताना इथे अडखळतो, मागचं-पुढचं वाचतो, नाहीच कळलं तर समासात शेरा मारून ठेवतो. यंत्र अडखळत नाही, आणि तो मला त्याचा गुण वाटत नाही.

न अडखळण्याची किंमत न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी २०२३ मध्ये मोजली. विमान कंपनीविरुद्धच्या एका दाव्यात त्यांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले; त्यातले निदान सहा निवाडे अस्तित्वातच नव्हते. त्यांच्यापैकी एकाने त्याच यंत्राला विचारलंही होतं की हे निवाडे खरे आहेत ना, आणि यंत्राने हो म्हटलं. साक्षीदाराच्या खरेपणाबद्दल साक्षीदारालाच विचारण्यातला प्रकार! न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड केला, तो अर्थात वकिलांना. यंत्राला कसला करणार? आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरण जाहीर केलं. निष्कर्ष काढायला किंवा आदेश-निकाल द्यायला एआय वापरायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. महाराष्ट्राने असंच काही करावं, आणि ते कोर्टापुरतं न ठेवता तहसील, महापालिका, पीकविमा, शिष्यवृत्ती इथपर्यंत न्यावं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. माणसं तरी कुठे वाचून सह्या करतात? ढिगाने आलेल्या फायलींवर डोळे मिटून कोंबडा मारणारे साहेब आपण सगळ्यांनीच बघितले आहेत. खरं आहे. पण न वाचता केलेली सहीसुद्धा सहीच असते. तिच्यावर अपील होतं, माहिती अधिकारात टिपणी मागता येते, कुणी काय कारण दिलं ते हिरव्या-निळ्या शाईत सापडतं. यंत्राच्या नकाराला टिपणी नसते. कारण विचारलं तर ते कारणही नव्याने लिहून देईल, तितकंच गोड आणि पुन्हा संभाव्यतेनेच. नकार ज्या कारणाने निघाला ते हेच, याची हमी काय?

सही करायची म्हटली तर यंत्र कुणी वापरणारच नाही, कामं तुंबतील, असंही म्हणतात. मला तसं वाटत नाही. मसुदा यंत्राने करावा, शंभर पानांचं टाचण यंत्राने काढावं, चुकलेला कंस त्यानेच दाखवून द्यावा. तिथे ते झकास काम करतं. शेवटी नाव आणि हुद्दा माणसाचा हवा, आणि 'मी हे तपासलं' असं एक वाक्य मराठीत हवं. ज्या कामात तपासायलाही कुणाला सवड नाही, ते काम यंत्राने दुप्पट वेगाने झालं तर चुकाही दुप्पट वेगाने होतील.

आणि यंत्र विकत घेण्याआधी त्याची परीक्षा इथल्या मराठीत घ्यावी. इंग्रजीतल्या परीक्षांचे गुण दाखवून सॉफ्टवेअर विकलं जातं, आणि मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने मुळात फार थोडा असतो. आजऱ्या-चंदगडकडची किंवा पेठेतली बोली तर नावालाच. शिवाजी विद्यापीठातल्या मराठी, तत्त्वज्ञान आणि संगणक विभागांनी एकत्र बसून काहीशे वाक्यांचा संच करावा. कंस हरवलेल्या अर्जाच्या सूचना, 'सगळ्यांना नाही'सारखी दुहेरी वाक्यं, जबाबातल्या धमक्या आणि तालमीतल्या थट्टा, जुन्या हुकमांतली मोकळी शेपटं. प्रत्येक वाक्यावर यंत्राने अर्थ सांगायचा नाही, 'इथे विचारायला लागेल' असं कुठे म्हणायचं ते ओळखायचं. उत्तरं तपासायला तलाठी, कोर्टातले भाषांतरकार आणि तर्कशास्त्र घेतलेली बारावीची मुलं पुरेशी आहेत. एवढं झाल्यावर मग निविदा काढावी.